वाकड्या लाकडाची गुराब

“...आणि लाकूडच कुजकं होतं, असं तू सुभेदारांना सांगितलंस?”

“हो.”

धाकू मेस्त्री अंगणात काथ्या वळत बसले होते. ते वळतच राहिले.

समोर रखमाजी उभा होता. सांबरखोलच्या खाडीत आरमाराची गलबतं बांधली जात, त्या गोदीचा तो मुख्य मेस्त्री. चौदा वर्षं त्यानं धाकू मेस्त्रींच्या हाताखाली काढली होती. सहा वर्षांपूर्वी म्हातारबांनी लाकूड तासायचा आपला वाकस त्याच्या हातात दिला आणि ते टेकडीवरच्या घरात राहायला गेले. त्यानंतर ते एकदाही गोदीत उतरले नव्हते.

फिरंग्यांशी लढाई सुरू होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. त्यांच्या तोफा लांबवर मारा करत. आपल्या हलक्या तोफांचे गोळे मध्येच पाण्यात पडत. म्हणून सुभेदारांनी हुकूम काढला होता, की नव्या गलबतांवर जड तोफा चढवायच्या. रखमाजीनं तशी पहिली गुराब बांधली. गोदीत तिच्याएवढं देखणं जहाज कुणी पाहिलं नव्हतं.

फाल्गुनात ती लढाईला गेली. तिच्या तोफा एकदमच सुटल्या. त्या धक्क्यानं तोफांखालच्या तुळया दोन्ही बाजूंतून उखडल्या आणि गुराब फाटली. शत्रूचा एकही गोळा तिला लागला नव्हता. खाली दारू पुरवणारे सात जण वर येऊ शकले नाहीत.

लाकडावर ठपका आल्यावर रानातून साग आणणाऱ्या भिवा नाईकाचं काम गेलं. चार गावांत त्याची छी-थू झाली.

आता रखमाजी एक विनंती घेऊन आला होता. सुभेदार म्हातारबांचा शब्द मोडत नाहीत. तेव्हा आबांनी त्यांना समजावावं, की जड तोफा हे फिरंग्यांचं खूळ आहे, आपली जुनी हलकी गलबतंच बरी. पावसाळ्यात समुद्र बंद राहील तोवर तशी आठ बांधून देतो.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. आठवड्यापूर्वी फिरंग्यांचं एक गलबत खडकावर चढलं होतं. त्यावरचा सुतार हाती लागला होता. पास्कू नावाचा, गोव्याकडचा. जड तोफा जहाजावर कशा पेलता, असं त्याला बेड्या घालून चार दिवस विचारलं, दटावलं. तो एकच वाक्य बोलतो. “हांव सांगचो ना.” सांगणार नाही म्हणतो. सुभेदार आता त्याला फटके मारायचं म्हणताहेत.

धाकू मेस्त्रींनी काथ्या बाजूला ठेवला.

“ती तुळई कुठे आहे?”

“कुठली?”

“उखडलेली.”

...

फुटक्या गुराबेचे काही तुकडे वाहत आले होते. ते ओढून गोदीच्या कडेला टाकले होते. म्हातारबा टेकडी उतरून आले, तेव्हा कामावरचे सगळे सुतार उठून उभे राहिले.

त्यांनी तुळईचं टोक शोधलं. वाकसानं एक ढलपी काढली. ती नाकाला लावली आणि रखमाजीच्या हातावर ठेवली.

ढलपी सोनेरी होती. तेलकट. तिला ताज्या सागाचा वास येत होता.

रखमाजीनं ती मुठीत मिटली.

म्हातारबांनी ती तुळई चौघांकडून उचलवली आणि कैद्याच्या खोपटापुढे नेऊन ठेवली. पहारेकऱ्याला बेड्या काढायला सांगितल्या. पहारेकरी रखमाजीकडे बघू लागला. रखमाजीनं मान डोलावली.

पास्कू बाहेर आला. चाळिशीचा, काटकुळा माणूस. म्हातारबांनी त्याला ओंडक्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

“ही माझी चूक आहे,” ते म्हणाले. “यात सात माणसं गेली. कुठे चुकलं ते मला कळत नाही.”

पास्कूनं तुळईकडे पाहिलं. तिच्या टोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “मी सांगेन, आणि तुमचे गोळे माझ्याच माणसांवर पडतील.”

“खरं आहे.”

“मग?”

“मग नको सांगू.”

म्हातारबांनी दोन हात लांबीचे लाकडाचे तुकडे मागवले आणि तिथेच काम सुरू केलं. गलबताची बाजू, तिच्यात बसवलेली तुळई, असा छोटा सांधा त्यांनी केला. मग त्यावर दगड आपटला. सांधा उखडला. त्यांनी दुसरा केला, जास्त खिळे मारून. तोही उखडला.

दुसऱ्या दिवशीही ते आले. तिसऱ्या दिवशीही. म्हातारे हात दुपारपर्यंत थकून जात. सुतार लांबून बघत आणि मान खाली घालून कामाला लागत. रखमाजीला वाटे, कुठे तोंड लपवावं. ज्यांनी शंभरावर गलबतं पाण्यात सोडली, ते शत्रूच्या कैद्यापुढे पोरासारखे लाकडं मोडत बसले होते, आणि चूक तर त्यांची नव्हती. त्यानं दोनदा त्यांना घरी चला म्हणून विनवलं. त्यांनी ऐकलं नाही.

पास्कू ओंडक्यावर बसून बघत असे. पहिल्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुढे वाकून बसला. तिसऱ्या दिवशी त्याची बोटं गुडघ्यावर हलू लागली.

चौथ्या दिवशी म्हातारबांनी नवा सांधा जुळवला. मधोमध जाड पाचर ठोकली.

“मोडटलें,” पास्कू पुटपुटला. मोडणार.

म्हातारबांनी दगड आपटला. सांधा मोडला.

पास्कू उठला. म्हाताऱ्याच्या हातातला वाकस त्यानं काढून घेतला आणि सरपणाच्या ढिगाकडे गेला. पहारेकऱ्यानं भाला सरसावला. रखमाजीनं त्याला हातानं थांबवलं.

पास्कूनं ढिगातून एक वाकडी फांदी ओढली. खोडातून फांदी फुटते, तिथला कोपरा होता तो, दुमडलेल्या गुडघ्यासारखा. त्यानं तो तासला. एक अंग बाजूला टेकवलं, दुसरं तुळईखाली सरकवलं आणि खिळे मारले.

“मार,” तो म्हणाला.

म्हातारबांनी दगड आपटला. पुन्हा आपटला. मग रखमाजीनं दोन्ही हातांनी मोठा धोंडा उचलून आपटला.

सांधा हलला नाही.

“हा वाक माणसानं केलेला नाही,” पास्कू म्हणाला. “झाडानं केलाय. झाड आपली फांदी सहज सोडत नाही.”

“तुला हे कुणी शिकवलं?” म्हातारबांनी विचारलं.

“म्हज्या बापायन.” माझ्या बापानं.

धाकू मेस्त्री हात टेकून उठले आणि त्यांनी पास्कूच्या पायांवर डोकं ठेवलं.

सगळी गोदी थांबली. पास्कूनं घाईनं पाय मागे घेतले. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्यानं विचारलं, त्या सात जणांना बायकापोरं होती का. होती, म्हातारबा म्हणाले. आपल्याच तोफेनं आपलं माणूस मरू नये, असं पास्कू म्हणाला आणि वाकस घेऊन पुन्हा खाली बसला. बाकीचंही दाखवतो म्हणाला.

रखमाजी पुढे झाला. त्याचा आवाज दबला होता.

“आबा, तो शत्रूचा माणूस आहे.”

“शिकवताना तरी नव्हता.”

...

त्या दिवशी रखमाजी गोदीतून थेट सुभेदारांच्या कचेरीत गेला. लाकूड चांगलं होतं, बांधणी माझी चुकली, असं त्यानं भरल्या कचेरीत सांगितलं. सुभेदारांनी एवढंच विचारलं, की आता बरोबर बांधता येईल का. रखमाजी म्हणाला, शिकतोय.

तिथून तो भिवा नाईकाच्या दारात गेला. भिवानं त्याला आत बोलावलं नाही. रखमाजीनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच माफी मागितली आणि मग विचारलं, रानात वाकडी झाडं कुठे आहेत. आयुष्यभर भिवानं सरळ साग शोधला होता आणि वाकडा टाकून दिला होता. पण कुठे काय टाकलं, ते त्याला पक्कं आठवत होतं.

“घाटाखालच्या कड्यावर,” तो म्हणाला. “वाऱ्यानं वाकलेली. चल.”

चार महिने गोदीतलं ठोकणं थांबलं नाही. आठ हलक्या गलबतांऐवजी तीन गुराबा उभ्या राहिल्या. पास्कू खुणा करून द्यायचा, रखमाजी तासायचा. पहिल्या पहिल्यांदा पास्कू त्याच्या चुकांवर हसायचा. पुढे दोघं एकाच भांड्यातली पेज पिऊ लागले.

समुद्र उघडला. पहिली गुराब खाडीच्या तोंडाशी नेली. तोफा सुटायच्या वेळी रखमाजी खाली जाऊन उभा राहिला, दारू पुरवणारे उभे राहत तिथे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गुराब चालवणाऱ्या तांडेलानं नको म्हटलं, तरी तो गेला.

एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम सुटल्या. त्यानं तुळईवर तळवा टेकवला होता. तुळई थरथरली...

आणि शांत झाली. कुठूनही पाण्याचा थेंब आला नाही.

तो वर आला तेव्हा काठावरचे सुतार मुंडाशी हलवत होते. त्यांच्यात भिवाही होता. रखमाजी तिथेच खाली बसला आणि कितीतरी महिन्यांनी मोकळेपणानं रडला.

सुभेदारांनी म्हातारबांना काय हवं ते मागायला सांगितलं. त्यांनी पास्कूची सुटका मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला एक मचवा दक्षिणेकडे निघाला. पास्कूनं चढताना रखमाजीला मिठी मारली, म्हाताऱ्याला हात जोडले. मचवा वळणाआड जाईपर्यंत दोघं धक्क्यावर उभे होते.

रखमाजीच्या मनात एक गोष्ट सलत होती. पास्कूला त्यानं उमदेपणानं निरोप दिला होता, पण दुसरी आणि तिसरी गुराब अजून गोदीतच होती, आणि लढाई संपली नव्हती.

“आबा, आपल्या गुराबा कशा आहेत, किती आहेत, सगळं त्यानं पाहिलंय. तिकडे जाऊन तो सांगेल.”

“सांगेल की.”

“मग?”

धाकू मेस्त्री गोदीच्या दिशेनं चालू लागले होते.

“मग आता याहून चांगल्या बांधू.”