मरीआईपुढची सायकल

“एकच सायकल! सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडून मिशांना पीळ देता आला पाहिजे, आणि बाजारगल्लीत शिरली की म्हणू तिथं गपकन वळली पाहिजे. दसऱ्याच्या मिरवणुकीला हजर करा. नाहीतर भट्टीला टाळं!”

येसू लोहाराला हा हुकूम देताना धारराव महाराजांच्या कपाळाला पट्टी होती. येसूनं घडवलेली पहिली सायकल आखूड, पुढचं चाक धरणारा चिमटा उभा. महाराज शिंकले, ती वळली, महाराज वांग्यांत. दुसरी लांबलचक, चिमटा कलता. ती सरळ छान गेली. वळणावरही सरळच गेली. महाराज हौदात.

“एका सायकलीत दोन्ही बसत नाही गं,” येसू घरी येऊन म्हणाला. “गेली भट्टी!”

“एकाच वेळी कुठं मागितलंय?” त्याची लेक ठमा म्हणाली. “चाक मागं रेंगाळलं की सरळ चालतं, गाडीमागं बांधलेल्या वासरासारखं. पुढं सरकलं की चटकन वळतं. आबा, चिमट्याला चांगला बाक द्या, अन् चाकामागं जागा सोडा.”

दसरा आला. चिमट्याचा बाक मागं होता.

“उलटा बसवलाय!” दिवाणजी हसले.

महाराज बसले, हात सोडले, मिशा पिळल्या. सायकल सुतासारखी सरळ! लोक मुजरा करायचे विसरले.

गल्लीच्या तोंडाशी मरीआईचं देऊळ. महाराज उतरले, जोडे काढून पाया पडले. तेवढ्यात ठमानं पाना लावला, चिमटा अर्धा फेर फिरवला, हँडल नीट केलं, नट आवळला. बाक पुढं!

महाराज गल्लीत शिरले. शेळी चुकवली, पापड चुकवले, एक भांडणही चुकवलं.

“लबाडी!” दिवाणजी ओरडले. “वाटेत दुसरी सायकल केली!”

“चाकं मोजा, दिवाणजी,” ठमा म्हणाली.

दिवाणजींनी मोजली. दोनच भरली.

महाराजांच्या भुवया मात्र चढल्या. “पण आम्हाला उतरावं लागलं! हुकमात उतरणं नव्हतं.”

“मी कुठं उतरवलं, महाराज?” ठमानं विचारलं. “ मरीआईपुढं आपण हत्तीवरनंही उतरता. सायकलीचा मान हत्तीपेक्षा मोठा ठेवायचा होता, तर तसा हुकूम द्यायचा!”

महाराज इतके हसले की मिशांचा पीळ सुटला. भट्टी येसूला इनाम मिळाली, दरबारचं सगळं सायकलकाम ठमाच्या हाती आलं. आणि पाना धरायला, महिनाभर, दिवाणजी.