आपोआप बसणारे दगड

“मग मुलं शिकत का नाहीत, आजोबा?”

शाल्मलीने हा प्रश्न विचारला तो एका काजूच्या बागेच्या कडेला. समोर बाबलआजो गडगा, म्हणजे बागेची दगडी कुंपणभिंत, घालत बसला होता. सिमेंट नाही, चिखल नाही, नुसता दगडावर दगड. साठ वर्षं त्याचं हेच काम. त्याने घातलेला गडगा रेड्याने धडक दिली तरी हलत नाही, असं आसपासच्या गावांत म्हणत.

शाल्मली पुण्याची. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि आभासी जगात भिंत रचायची, असा कोड्यांचा खेळ तिने तीन वर्षं खपून तयार केला होता. कुठला आकार कुठे बसेल हे मुलांना नजरेने कळावं, यासाठी. एका शाळेतल्या मुलांनी खेळाच्या सगळ्या पायऱ्या फटाफट पार केल्या. मग शाळेने त्यांच्यापुढे भिंत रचायला खरे लाकडी ठोकळे ठेवले... आणि सगळी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली.

दिवाळीनंतर शाळा पुन्हा ठोकळे ठेवून बघणार होती. तेव्हाही हेच झालं तर खेळ बंद. कुणीतरी तिला सुचवलं, गडगेवाल्या म्हाताऱ्याला भेट. ती आली खरी, पण शिकायला आली आहे असं तिच्या तोऱ्यावरून कुणालाही वाटलं नसतं.

“दोष खेळात नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच बघा.”

तिने हेडसेट त्याच्या डोळ्यांवर चढवला, हातांत कंट्रोलर दिले.

“अगो, हय तर डोंगर आसा!” आजो खूश झाला.

त्याने तिथला एक दगड उचलला आणि भिंतीतल्या खाचेजवळ नेला.

टिंग! दगड बसला. शाल्मलीला लॅपटॉपवर सगळं दिसत होतं.

दुसरा दगड त्याने मुद्दाम उलटा नेला.

टिंग!

तिसऱ्या वेळी त्याने मान भलतीकडेच वळवली. “चाय झाली काय गो तुझी?”

“झाली.”

टिंग!

गप्पा मारता मारता भिंत पुरी झाली. लॅपटॉपवर अक्षरं झळकली, ‘शाबास! तुमची नजर तेज आहे!’

बाबलआजो इतका हसला, की हेडसेट घसरून नाकावर आला.

“दगड खाचेजवळ आला की खेळ तो आपोआप फिरवून बसवतो,” शाल्मली अभिमानाने म्हणाली. “मुलं अडून राहू नयेत म्हणून. एवढ्या एका गोष्टीवर माझं अख्खं वर्ष गेलंय.”

आजो उठला, आणि आपल्या गडग्यातली एक खाच त्याने बोटाने दाखवली.

“बसव.”

शाल्मलीने ढिगातला चांगला दणकट दगड उचलला. बसेना. फिरवला. तरी बसेना. वैतागून ती तो खाली ठेवायला वाकली.

“एकदा उचललो तो खाली ठेवूचो नाय.”

“हा नियम कुणी केला?”

“माझ्या बापाशीन.”

ती दगड पोटाशी धरून उभी राहिली...

हात भरून आले. घाम नाकाच्या शेंड्यावर आला.

“आजोबा, जड आहे हो!”

“दगडाक बघू नको. खाचेक बघ.”

तिने बघितलं. खरं तर तिने ती खाच आत्ताच पहिल्यांदा नीट बघितली. आतल्या बाजूला ती निमुळती होत गेली होती आणि डावीकडे जराशी खाली उतरली होती.

...

तिने दगड आधी मनात फिरवला. मग हातात. अरुंद टोक आत, फुगीर बाजू डावीकडे.

दगड बसला. तिने हलवून पाहिला. ढिम्म.

“टिंग!” शाल्मली स्वतःच्या तोंडाने ओरडली. काजूवरचे कावळे उडाले, आणि पुण्याची ही शिकलेली बाई चक्क टाळ्या पिटत नाचली.

“राग इलो तुका?” आजाने विचारलं.

“आला की! तुमचाच आला.”

“मगे तोंडार ह्या हसू कसला?”

मातीच्या हातांनी ती लॅपटॉपपाशी जाऊन बसली. दगड आपोआप बसवण्याचं ते वर्षभराचं काम पुसून टाकायला एक बटण पुरणार होतं. तिचं बोट काही तिकडे जाईना.

“मी आता काय करू, आजोबा?” या खेपेला तिच्या आवाजात तोरा नव्हता.

बाबलआजाने हेडसेट खांद्यावरच्या पंच्याला पुसला आणि तिच्या हातात दिला.

“खेळ झकास आसा,” तो म्हणाला. “फकत तेका सांग, तू जरा बाजूक बस. आता पोरांका खेळूक दी.”