खोट्या पहाटेचा नगारा

आपण ओळखत नाही अशी चांदणी अजून उगवायचीय, असं बुढनशा फकीर सांगत होता. लगेच खी खी हसत त्यानं कबूलही केलं, की परवा कुणाची तरी विडी शुक्र समजून आपण तिला सलाम ठोकला.

“ते राहू द्या, बाबा. पहाट झाली हे ओळखायला बघायचं कुठं?” त्याचा शागीर्द इलाहीनं पुन्हा विचारलं.

“पश्चिमेला.”

इलाहीला वाटलं, थट्टाच ती.

रमजान सुरू होता. टेकडीवरच्या दर्ग्यात नगारा वाजला की खालच्या वाडीनं शेवटचा घोट घ्यायचा आणि दिवसभर खाणीत दगड फोडायचे, थेंबाविना. लवकर वाजला तर निम्मी वाडी उपाशी निघणार. उशिरा वाजला तर रोजे बुडणार. आज नगाऱ्याचं टिपरू पहिल्यांदाच इलाहीच्या हाती आलं होतं. चुकलास तर पुन्हा मिळणार नाही, असं म्हाताऱ्यानं बजावलं होतं. ते सांगताना मात्र तो हसला नव्हता.

पूर्वेला फिकट उजेड चढला. उभा, निमुळता.

बुढनशानं भाकरी खाली ठेवली, चूळ भरली, मिशा पुसल्या.

“उजाडलं की रे. वाजव.”

इलाहीनं टिपरू उचललं…

आणि तो वळला. पश्चिमेकडं हात लांब करून त्यानं मूठ धरली. तिकडं मंगळ लालबुंद होता. यंदा तो सूर्याच्या बरोबर समोर. काल रोजा सोडताना सूर्य बुडाला आणि पाठीमागून हा वर आला. म्हणजे सूर्य यायचा तेव्हाच हा जाणार. रोज नगाऱ्याच्या वेळी तो डोंगराच्या दोन मुठी वर असायचा. आत्ता चांगला तीन मुठींवर होता.

“अरे वाजव, लोक खातायत तिकडं.”

इलाही खाली बसला. म्हाताऱ्याचीच भाकरी मोडून सावकाश चावू लागला.

बुढनशानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शिव्या देता देता त्याचे खांदे मात्र हलत होते.

मंगळ उतरत दोन मुठींवर आला. पूर्वेची सगळी कड आडवी पांढरी झाली. ही खरी पहाट.

मग नगारा असा घुमला, की खाली वाडीतली कुत्री बावचळली.

“टिपरू ठेव तुझ्याचकडं,” बुढनशा म्हणाला. मग तोंड पाडून, “पण उस्तादाचं ऐकलं नाहीस. माझ्यावर भरवसा नाही होय?”

इलाहीनं दाढीतले भाकरीचे कण झटकले.

“आहे ना, बाबा. पण मंगळाला थट्टा करता येत नाही.”