जहाजांचं बंद पान

"...आणि डोळे मिटले की तोच एक विचार येतो. तो बंद कसा करायचा, भंते?"

विचारणारे होते देवप्रिय तायडे. वाळूजच्या एका औषध कंपनीत कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या विहारात ते दर रविवारी ध्यानाला यायचे. आज बाकीचे उपासक निघून गेले, तरी ते बसून राहिले होते.

भंते सुमेध वयानं थकलेले. खांबाला पाठ टेकून बसले होते.

"कामावर काय करता?" त्यांनी विचारलं.

"बंदच करतो," तायडे म्हणाले. आवाजात अभिमान होता.

मग त्यांनी सांगितलं. कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्यांनी नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. क्रिकेट, सिनेमा, खरेदी, गप्पांच्या साइट, सगळं बंद. मोबाइल तर गेटवरच जमा होतात. माणसांचं लक्ष कामावर राहावं, एवढाच हेतू होता.

"राहिलं?"

तायडे जरा घुटमळले. पण खोटं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

कंपनीत स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाचं काम चाललं होतं. सॉफ्टवेअरनं 'स्तन' हा एक शब्द पाहिला आणि संशोधनाची सगळी पानं अडवली. प्रयोगशाळेतली माणसं उठून गेटवर जायची, मोबाइल घ्यायची, चहाच्या टपरीवर उभं राहून वाचायची आणि परत यायची. परवानगी मागावी, तर ती मिळेपर्यंत गरज संपलेली असायची. माल परदेशी पाठवणाऱ्या विभागाची तर वेगळीच अडचण झाली. कुठलं जहाज समुद्रात कुठे आहे, हे दाखवणारं पानही बंद झालं होतं. आपलाच माल कुठवर पोचला, ते त्यांना कळेना.

"ते मी त्यांना उघडून दिलं," तायडे म्हणाले. "फक्त त्यांना."

"आणखी कुणाला हवं होतं?"

तायडेंनी मग तेही सांगितलं.

हवं होतं शरयू खानविलकरला. तपासणी विभागातली, रत्नागिरीकडची. नवरा मालवाहू जहाजावर. महिनोन् महिने घरी नाही, फोनही क्वचित. जेवणाच्या सुट्टीत ती नकाशावरचा त्याच्या जहाजाचा ठिपका बघायची आणि मग डबा उघडायची. तिचा मोबाइल साधा, त्यावर नकाशा दिसायचा नाही; म्हणून पान बंद झाल्यावर ती तायडेंकडे आली होती. त्या जहाजात कंपनीचा माल नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. पुन्हा विचारायला आली नाही.

"मग?"

मग माल पाठवणाऱ्या विभागातले लतीफभाई रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलापाशी येऊ लागले. आज कोलंबो मागं पडलं. आज समुद्र खवळलाय वाटतं, जहाज संथ आहे. एवढंच सांगतात आणि जातात. ती ऐकते, मग डबा उघडते.

"हे तुम्ही बंद केलं नाही?"

"नाही."

"आणि तिला पानही उघडून दिलं नाही."

"नाही, भंते."

"का?"

तायडे सतरंजीकडे बघत राहिले.

"उघडून द्यायला एक मिनिट लागतं," ते म्हणाले. "पण दिलं, तर लतीफभाई सांगायला येणार नाहीत. मी दाराशी उभा राहून ऐकतो, भंते. ते रजेवर असले की मला जेवण जात नाही."

"तुमचं कोण आहे जहाजावर?"

"कुणीच नाही."

डोंगरावरून वारा आला. मूर्तीपुढची मेणबत्ती हलली.

"उज्ज्वला, माझी बायको, जाऊन दोन वर्षं झाली," तायडे म्हणाले. "ती कुठवर पोचली, हे मला येऊन सांगणारं कुणी नाही."

मेणबत्ती पुन्हा स्थिर झाली, तेव्हा भंते म्हणाले, "ते पान उद्या उघडून द्या."

तायडेंनी मान हलवली. डोळे पुसले. उठायला म्हणून हात टेकला, पण उठले नाहीत.

"आणि उज्ज्वलाचं काय करू? मी श्वासाकडे लक्ष देतो, तरी ती येते. समोर येऊन उभी राहते. बोलत नाही, जात नाही. तिला थांबवायचे सगळे उपाय केले..."

भंते खांबाचा आधार घेत उठले. तायडे सतरंजीच्या मधोमध बसले होते. भंते त्यांच्याजवळ वाकले आणि सतरंजीची सुरकुती हातानं सावकाश सरळ केली.

"जरा सरकून बसा," ते म्हणाले. "त्या किती वेळ उभ्या राहतील?"