छतावरची टाकी

चूक सरळसरळ हुसेन उस्तादांची होती.

“स्प्रिंगचे पाटे तुम्ही चढवले, शॉकअप तुम्ही बदलले, टायरची हवा तुम्ही बघितली. मग गाडी अजून होडीसारखी का झुलते?”

दिग्विजयने पाना जमिनीवर आपटला. उस्ताद बिडी शोधत राहिले. म्हातारे सगळे असेच. उत्तर नसलं की खिसे चाचपतात.

कॉलेज अर्ध्यात सोडून दिग्विजय घाटाखालच्या उस्तादांच्या या शेडमध्ये गाड्यांचे पाटे बसवायला शिकला होता. जुन्या मिनीबसचं त्याने फिरतं घर केलं. आत पलंग, कडप्प्याचा ओटा, छतावर काळी टाकी. उद्या आईला घेऊन कन्याकुमारीला निघायचं होतं. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

सकाळी नुसती चक्कर मारायला म्हणून तिला घाटात नेलं. पहिल्याच वळणावर तिने दांडा धरला आणि डोळे मिटले. उतरल्यावर म्हणाली, “तू जाऊन ये बाबा. मला फोटो दाखव.”

“अजून एक पाटा घालू?” दिग्विजयने विचारलं.

“घाल की. झुलायची थांबेल आणि आदळायला लागेल.”

“मग करू काय? बोला की!”

उस्ताद उठले. सदरा उतरवला, टॉवेल गुंडाळला, गाडीमागे जाऊन टाकीचा नळ सोडला आणि खाली अंघोळीला बसले. सावकाश. साबण लावून, टाचा घासून.

“उस्ताद, टाकी रिकामी होईल!”

“पाठ चोळ.”

दिग्विजयने शिवी गिळली आणि पाठ चोळायला घेतली. बरगड्या हाताला लागत होत्या. हात आपोआप हलका पडला.

अंघोळ उरकली तरी उस्तादांनी नळ बंद केला नाही. शेवटचा थेंब गळाल्यावर ओल्या टॉवेलानिशीच ते पुढच्या सीटवर चढून बसले.

“घाटात घे.”

त्याच वळणावर गाडी शहाण्या बैलासारखी वळली. दिग्विजयने ती कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“टाकी वर कशाला रे ठेवलीस?”

“आईसाठी. आयुष्यभर विहिरीवरून हंडे आणले तिने, डोक्यावरून. म्हटलं, इथं तरी नळ सोडला की धो धो पाणी यावं.”

“आणि परत तिच्या डोक्यावरच ठेवलंस.”

दिग्विजयने वर छताकडे पाहिलं.

“तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं.”

“मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?”

“इतक्या मायेनं बसवत होतास, पोरा… जीभच रेटली नाही.”

दिग्विजयला चिडायचं होतं. जमलं नाही. त्याने पलीकडे वाकून उस्तादांच्या बाजूची काच वर केली. अंग ओलं होतं त्यांचं.

शेडवर परतल्यावर त्याने टाकीचे नटबोल्ट सोडवायला घेतले.

“खाली दुसरी बसवायला आता वेळ नाही. उद्या निघायचंय. आईला पाणी कुठून देऊ?”

उस्ताद आत गेले. आपली तांब्याची कळशी घेऊन आले आणि त्याच्या हातात दिली.

“कन्याकुमारीपर्यंत रोजचं पाणी तू भरायचंस.”