द्वारकीचा लाल टाका

ही गोष्ट निघणाऱ्या माणसाच्या कानावर पडू द्यायची नसते. काकीने मला बजावलंय, आज तर नाहीच. पण दादा माडीवर सामान भरतोय, म्हणून हळू सांगते.

फार वर्षांमागे, वखारआळीतल्या या पडक्या भिंतींवर छपरं होती आणि भरतीचं पाणी पायऱ्यांना लागायचं, तेव्हा तिथे द्वारकी गोण्या शिवायची. तिच्या दाभणाखालून गेल्याशिवाय एकही गोण गलबतावर चढत नसे. तिचा नवरा राघो त्याच गलबतांवर खलाशी होता. निघताना तो चिडवायचा, की तुझ्या गोण्या माझ्याहून जास्त मुलूख बघतात.

"बघतात," ती एकदा म्हणाली, "पण रिकाम्या का होईना, परत येतात."

त्या खेपेला राघो आला नाही. गलबताचाही पत्ता लागला नाही. लोकांनी तिला कुंकू पुसायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या लाल लुगड्याचा दोरा ओढून प्रत्येक गोणीला एक टाका घालू लागली. गाठ मात्र मारायची नाही. गाठ राघोने मारायची, म्हणजे तो जिवंत आहे हे तिला कळेल. मुकादम ओरडला, टाका उसवेल. तो कधी उसवला नाही, आणि ते लुगडंही विरलं नाही, असं म्हणतात.

रिकाम्या गोण्या आल्या की ती एकेक उलगडून बघायची. पुढे खाडी गाळाने भरली, वखारींना कुलपं लागली. द्वारकी पायरीवर बसूनच राहिली. मग एका सकाळी, समुद्र कोसभर मागे गेलेला असताना, पाणी पायरीला आलं. पाण्यावर एक कोरडी गोण होती. तिच्या लाल टाक्याला गाठ होती, खलाशी दोराला मारतात तशी.

"उशीर केलास," द्वारकी म्हणाली. ओहोटीबरोबर ती गेली आणि पायरीवर दाभण तेवढं राहिलं, असं म्हणतात.

तेव्हापासून आळीतलं कुणी दूर निघालं, की घरातली बाई त्याच्या सामानाला आतून लाल टाका घालते, त्याला न सांगता. तो परत आला की गाठ त्याने मारायची.

आमच्या खुंटीवर बाबांची पिशवी आहे. ती बोटीवरून एकटीच आली. तिचा टाका तसाच आहे, आई रोज तिच्यावरची धूळ झटकते. म्हणून या वेळी आईने दाभण माझ्या हातात दिलं. दोरा मी मुद्दाम लांब ठेवलाय, म्हणजे दादा आला की त्याला गाठ मारताना

"शैले, माझी बॅग कुणी उघडली गं?"