तीन मिलिमीटरची फट

“सर, सगळं नियमात बसतंय. मग सही कुठे अडलीय?”

नाझरेकर साहेब सरकत्या जिन्याच्या तळाशी उकिडवे बसून वर जाणाऱ्या पायऱ्या बघत होते.

हे त्यांचं बसणं निनाद चौगुलेला आता पाठ झालं होतं. लिफ्ट आणि सरकते जिने तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्याला लागून चार महिने झाले होते. परीक्षेत राज्यात तिसरा आलेला, नियमावली कलमांसकट तोंडपाठ. आणि साहेब? एकतीस वर्षं नोकरी होऊनही प्रत्येक यंत्रापुढे नवख्यासारखे बसायचे. निनादचा त्यांच्यावर जीव होता, पण कधीकधी त्याला त्यांची गंमतही वाटायची.

सांगलीतलं हे चार मजली साड्यांचं दुकान उद्या उघडणार होतं. मालक रतनशेठ यांनी दोनदा चहा पाठवला होता.

“फट किती?” साहेबांनी विचारलं.

“पायरी आणि कडेचा पत्रा यांच्यात तीन मिलिमीटर. चारपर्यंत चालते.”

“थांबवायचं बटण?”

“खाली एक, वर एक. सकाळी दाबून बघितलीत दोन्ही.”

“सकाळी…”

साहेबांनी पिशवीतून एक विटकं लुगडं काढलं. निनादला हसू आलं. नियमावलीतल्या कुठल्याच कलमात लुगडं नव्हतं.

“हे कुणाचं, सर?”

“आईचं. असती तर उद्या इथे पहिली आली असती.”

एक टोक सैलसर हातात धरून ते पायरीवर उभे राहिले. दुसरं टोक कडेला लोळत होतं. जिना त्यांना घेऊन वर निघाला.

मध्यावर ते टोक फटीत शिरलं. आधी बोटभर, मग वीतभर… साहेबांचा हात खाली ओढला गेला.

“थांबव,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच.

निनाद बटणाकडे धावला. बटण नव्हतं. सकाळी जिथे ते होतं, तिथे आता नऊवारी नेसवलेला बाईचा पुतळा उभा होता, झेंडूच्या माळांनी कठड्याला बांधलेला. त्याने माळा ओढल्या, त्या तुटेनात. पुतळ्याला खांद्याने ढकललं, तो हलेना. पुन्हा ढकललं. शेवटी पुतळा आडवा झाला आणि निनादची मूठ लाल बटणावर आदळली.

जिना थांबला.

साहेबांनी कापड कधीच सोडून दिलं होतं. ते वर पोहोचले होते, अगदी धडधाकट. अर्धं लुगडं मात्र यंत्राच्या पोटात गेलं होतं.

निनाद खालच्याच पायरीवर बसला.

साहेब बाजूच्या साध्या जिन्याने सावकाश उतरून आले आणि त्याच्याशेजारी बसले.

“किती वेळ लागला?”

“मोजला नाही, सर.”

“मी मोजला. नऊ सेकंद.”

साहेबांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं.

तेवढ्यात रतनशेठ धावत आले. “पुतळा आत्ता उचलतो, साहेब! उद्या दहाला उद्घाटन, आमंत्रणं गेलीत सगळ्यांना…” बोलता बोलता त्यांनी पेन उघडून साहेबांपुढे धरलं.

साहेबांनी कागद निनादकडे सरकवला.

“तपासणी तुझी.”

निनादने कागद पाहिला. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. खाली सहीपुरती जागा कोरी होती. मग त्याने मान वळवून त्या लुगड्याकडे पाहिलं… आणि कागदाची घडी घातली.

“दोन्ही कडांना ब्रश लावून घ्या, शेठ. कापड फटीपर्यंत पोहोचता कामा नये. बटणापुढे काहीही ठेवायचं नाही. झालं की कळवा, त्याच दिवशी येतो.”

“म्हणजे उद्या?”

“उद्या जिना बंद.”

“अहो, नियमात बसतंय असं तुम्हीच म्हणालात ना सकाळी!”

“म्हणालो होतो.”

रतनशेठ तणतणत फोन लावायला गेले. वरच्या कठड्यापाशी फरशी पुसणारी शेवंतामावशी हे सगळं बघत होती. ती तिथूनच म्हणाली, “मग नातीला कधी आणू, साहेब? पळता जिना बघायचाय म्हणून रोज डोकं खातीय.”

साहेबांनी निनादकडे बोट केलं. निनादने वर पाहिलं.

“मी आधी चढतो, मावशी. मग तिला आणा.”

“नक्की सांगाल ना?”

“स्वतः येऊन सांगेन.”

मावशी पुन्हा फरशी पुसायला लागली.

निनादने हळूच विचारलं, “सर… मी बरोबर केलं का?”

साहेबांनी त्याच्या हातातून कागद घेतला. घडी उलगडली. चष्मा कपाळावर सारून ती कोरी जागा डोळ्यांजवळ नेली आणि कितीतरी वेळ बघत राहिले…

“सही सुरेख आलीय,” ते म्हणाले.